हेवा उपटू नका, वहीत उतरवा

सेलूच्या माहेरवाशीण, टोरांटोच्या ताई, प्रश्न तुम्ही तीन विचारलेत: जावेबद्दलच्या हेव्याचा, इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या मुलाचा आणि सासूबाईंना तिकडे बोलवायचा, पण खरा एकच, पहिला. तुम्ही लिहिता, "महालक्ष्म्यांच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर जावेनं संभाजीनगरातला नवा फ्लॅट दाखवला. मी लगेच आमच्या बेडरूम मोजून सांगितल्या. रात्रभर स्वतःची शिसारी आली. हा मीपणा मुळासकट उपटू कसा?"

उपटायचा काहून? परक्या मुलखात पदवी पुन्हा तपासून घेताना, नोकरीचे नकार पचवताना तुम्हाला उभं कोणी ठेवलं? याच मीपणानं. तेव्हा चालला, आता शिसारी होय! शिवाय दाबलेलं जास्त उसळतं. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून बजावलं, तर अस्वल डोक्यातून जाईना. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी अभंगात विठ्ठलालाही शिव्या घातल्यात. राग सोवळ्यात झाकला नाही.

तेव्हा एक वही करा. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात, गजर लावून १० मिनिटं. आधी जावेचं वाक्य, मग तुमचं, जसंच्या तसं. मग अंगात काय झालं: कान तापले, घसा आवळला? शेवटी, भीती कशाची वाटली. 'मी जळकुकडी आहे' असं लिहू नका, तो निकाल झाला. 'मला आत्ता लै जळलं' लिहा; घरच्या बोलीत लिहिलं की खोटं लिहिता येत नाही. १० मिनिटांवर गेलात की उगाळणं सुरू होतं. झोपायच्या आधी तर नकोच. नवऱ्यालाही दाखवू नका, नाहीतर त्याच्यासाठी शोभेचं लिहाल.

हेवा वहीत कबूल केला म्हणजे माफी मागायची टळली, असं नाही हं. जावेला एकटीला फोन करा. भरल्या घरात, स्पीकरवर मीपणा हमखास फुगतो. रविवारी रात्री तुमचे बारा, म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सोमवार सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. "फ्लॅट पाहून हेवा वाटला, म्हणून तसं बोलले." एवढंच, पुढं 'पण' लावला की माफी गेली. आमच्याही घरात दोन जावा आहेत, हे पुस्तकी बोलत नाही.

मुलाशी मराठीत बोलत राहा, उत्तर इंग्रजीत आलं तरी. आणि सासूबाईंच्या सुपर व्हिसाला, म्हणजे आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या कॅनडाच्या व्हिसाला, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो, तो आधी बघा.