हवा तो आकडा आल्यावर

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तुझं पत्र वाचलं. पहिल्या दोन वेळी आकडा जुळला नाही म्हणून उपकरण उघडून तपासलंस. तिसऱ्यांदा हवा तो आकडा आला आणि वही मिटलीस. मला काळजी वाटते ती त्या वही मिटण्याची. नकोसं उत्तर आलं की आपण चूक हुडकतो, हवंसं आलं की थांबतो. मग उरलेल्या चुका सगळ्या आपल्या अपेक्षेच्याच बाजूला साचतात.

१९०३ साली फ्रान्समध्ये ब्लोंदलो या भौतिकशास्त्रज्ञांना एका नव्याच प्रकारचे किरण, 'एन-किरण', दिसले. नंतर इतरही अनेकांना दिसले. पुढच्या वर्षी रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी ब्लोंदलोंच्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत उपकरणातला लोलक (प्रिझम) गुपचूप काढून घेतला; त्याच्याशिवाय ती निरीक्षणं यायलाच नकोत, तरी ती पहिल्यासारखीच येत राहिली! आणि ब्लोंदलो खोटं बोलत नव्हते. मला भीती वाटते ती याचीच.

यावर मला सर्वांत भावलेला उपाय फर्मीलॅब या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या, म्यूऑन या सूक्ष्म कणावरच्या प्रयोगातला. मोजमापाच्या घड्याळाची वारंवारता मुद्दाम किंचित बदललेली होती. नेमकी किती, हे प्रयोगाबाहेरच्या दोघांनाच ठाऊक. सगळं विश्लेषण पक्कं झाल्यावर, २०२१ मध्ये, तो आकडा उघड केला. तोवर आपलं उत्तर काय येतंय हे संशोधकांनाच माहीत नव्हतं, त्यामुळे मनासारखं वळवायचं तरी कशाकडे?

तूही हे करू शकतोस. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक दुसऱ्या कुणाकडून घालून घे आणि त्याची यादी बंद पाकिटात त्याच्याचकडे राहू दे. किती मोजमापं घ्यायची, कोणती कोणत्या कारणाने वगळायची, हे आधीच तारखेसह लिहून ठेव.

नुसतं पुन्हा पुन्हा मोजून मात्र भागत नाही. उपकरणातच दोष असेल, तर शंभर वेळा तोच दोष मोजला जातो. २०११ मध्ये इटलीतल्या एका भूमिगत प्रयोगशाळेतल्या ऑपेरा या संशोधक गटाला ७३० किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) आधी पोचल्याचं दिसलं; प्रकाशापेक्षा वेगवान काही नसतं, असं तर आपण मानतो. हजारो नोंदी होत्या. त्यांनी महिनोन्‌महिने तपासलं, आणि तरीही उलगडा होईना तेव्हा जगाला सांगितलं, तुम्हीही पाहा. शेवटी ऑप्टिकल फायबरची एक जोडणी सैल निघाली, घड्याळातही एक दोष सापडला. त्याच भूमिगत प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या गटाने वेगळ्या उपकरणाने मोजलं, तेव्हा वेग प्रकाशाइतकाच भरला. ऑपेराच्या त्या मोकळेपणाबद्दल मला आजही आदर वाटतो.

तेव्हा तुझे पहिले दोन आकडे खोडू नकोस. तिसऱ्या वेळेसाठीही उपकरण तितकंच उघडून बघ, आणि जमलं तर दुसऱ्याच पद्धतीने मोज. पाकीट उघडशील त्या दिवशी मला लिही, आकडा कोणताही निघो.

तुझा,
एक जुना प्रयोगकर्ता