परतीच्या गाडीत

"मॅडम, आठ महिन्यांत चौदा ऑडिशन झाल्या. एकीतही हिचं काम झालं नाही. मी कुठे कमी पडतेय, तेवढं सांगा."

डोंबिवलीच्या या आईने येताना फाइल आणली होती. त्यात फोटो, उंचीची नोंद, कुठल्या तारखेला कुठे गेलो त्याची वही. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) लेक अकरा वर्षांची, सहावीत. तीन महिन्यांपासून ऑडिशनच्या आदल्या रात्री तिचं पोट दुखायचं. मुलांच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. "मग बंद करूया का हे?" असं आईने विचारलं की मुलगी रडून घर डोक्यावर घ्यायची.

आईची राहून गेलेली हौस लेकीच्या गळ्यात पडली असेल, असं मला आधी वाटलं. ते साफ चुकीचं निघालं. आईला अभिनयात काडीचा रस नव्हता. पोरीने हट्ट धरला म्हणून ती बिचारी नोकरीत अर्धी रजा टाकून डोंबिवली ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रोने वर्सोवा, असा प्रवास करत होती.

मी मुलीला म्हटलं, "ऑडिशनचा दिवस मला करून दाखव."

ती उठलीच. भिंतीला पाठ लावून नाव, वय, उंची सांगितली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली. दोन वाक्यं म्हणाली आणि जाड आवाजात स्वतःलाच "थँक यू बेटा, कळवतो" म्हटलं. सगळं मिळून दोन मिनिटं. त्यात भीतीचा मागमूस नव्हता.

मला वाटलं, संपलं. पण ती खोलीच्या मध्यावर आली. एक हात वर करून गाडीतली कडी धरली, दुसऱ्या हाताने न दिसणारी पर्स पोटाशी आवळली, ओठ मिटले आणि नजर कुठेतरी लांब लावली. ती आई झाली होती. मधूनमधून फक्त गाडीतल्या बाईचा आवाज काढायची, "पुढील स्टेशन, विक्रोळी." मग गप्प. "पुढील स्टेशन, कांजूरमार्ग." पुन्हा गप्प. भांडुप, नाहूर, मुलुंड... एकही स्टेशन तिने गाळलं नाही. दिवा स्टेशन आलं तेव्हा समोर बसलेल्या आईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"मी तिच्यावर कधीच चिडले नाही हो," आई नंतर एकटी असताना म्हणाली. "गाडीत मी हिशेब करत असते. रजा किती उरली, बुडालेला क्लास कधी भरून काढायचा, घरी जाऊन कुकर..." मला ते पटलं. पण मुलीला हिशेब ऐकू येत नव्हता, तिला मिटलेले ओठ दिसत होते. दोन मिनिटांच्या ऑडिशनची तिला धास्ती नव्हती. त्यानंतरच्या अकरा स्टेशनांची होती.

मुलाला मदत करायची म्हणजे ओळखी काढायच्या, फोटो काढायचे, संवाद घोकून घ्यायचे, असं पालक धरून चालतात. माझ्या मते पालकाचं खरं काम परतीच्या गाडीत असतं. या क्षेत्रात नकार हा रोजचा. त्यातले कितीतरी नकार अभिनयाला नसतातच. चेहरा पडद्यावरच्या आईवडिलांशी जुळत नाही, उंची दोन इंच जास्त आहे, एवढ्यावर नाव गळतं. अकरा वर्षांच्या मुलीला हे कोणी सांगितलं नाही, तर ती एकच अर्थ काढते, मी वाईट आहे.

आम्ही थोडंसंच ठरवलं. घाटकोपरला उतरल्यावर आधी वडापाव खायचा. ऑडिशनचा विषय मुलीने काढला तरच काढायचा. आई दमली असेल तर "मी दमलेय, तुझ्यावर रागावले नाही" हे तोंडाने म्हणायचं. परीक्षेच्या महिन्यात ऑडिशन नाही. आणि मुलगी "आज नको" म्हणाली, तर कारण न विचारता नको.

पुढच्या वेळी वडील आले, ते वेगळीच काळजी घेऊन. स्वतःला कोऑर्डिनेटर, म्हणजे कामं मिळवून देणारा मध्यस्थ, म्हणवणारा कोणीतरी पोर्टफोलिओ (फोटोंचा संच) आणि 'नक्की काम' यांचे चाळीस हजार मागत होता. मी स्पष्ट सांगितलं, काम देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. घरच्या मोबाइलवर उजेडात काढलेले साधे फोटो या वयात पुरतात. काम मिळालंच तर काय, हेही त्यांना माहीत नव्हतं. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांवर काम नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते आणि मुलाच्या मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत जायला हवा. हे विचारलं की काम हातचं जाईल, अशी भीती पालकांना वाटते. विचारल्यामुळे जाणारं काम जाऊ द्यावं.

"पण मग ही शिकणार कुठे?" वडिलांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ऑडिशनमध्ये मूल शिकत नाही, तिथे ते फक्त पारखलं जातं. शिकायला तालीम लागते, जिथे चुकलं तरी उद्या पुन्हा करता येतं. आपल्याकडे बालनाट्याची जुनी परंपरा आहे, राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा आहे, सुट्टीतली शिबिरं आहेत. पुढे हौस टिकलीच तर बारावीनंतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे आणि पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. अकराव्या वर्षी गाडी सुटून जात नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, कारण घाई त्या दोघांच्याही अंगात भिनली होती.

ऑडिशन महिन्यातून एकवर आल्या. मुलगी एका बालनाट्याच्या गटात जाऊ लागली. तिथे तिला म्हातारीचं छोटं काम मिळालं आणि त्यासाठी ती घरभर कमरेत वाकून फिरत होती. पोटदुखी एकदम थांबली नाही, पण दिवाळीनंतर तिची तक्रार आली नाही.

परवा आईचा फोन आला. आणखी एक ऑडिशन झाली होती, अजून काही कळलं नव्हतं. "येताना मी नेहमीसारखी गप्पच होते, मॅडम. ठाण्याला तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली तर हिने मलाच ढकलून बसवलं. म्हणाली, आई, तू दमलीयेस ना, बस. मी उभी राहते."