हर्णैला धक्का नव्हता, पण बंदर होतं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैचा इतिहास काय, आणि बोटी लागायचा धक्का नसताना त्याला बंदर का म्हणायचे, असं तुम्ही विचारलंय. नेमकं हेच माझे दीर १९९८ साली हर्णैच्या पुळणीवर बोलले होते, माझ्या बाबांच्या देखत. लग्नाला दोनच महिने झाले होते, सासर नाशिकचं, सिडकोतलं. मी गप्प बसले. आज बसणार नाही.

दुपार कलली होती. होड्या खोल पाण्यात नांगरलेल्या आणि बैलगाड्या थेट समुद्रात. चाकांचे तुंबे बुडालेले, पाणी बैलांच्या पोटाला लागलेलं, गाडीवान वेसण धरून उभा. लाट आली की बैल माना वर करत. पाट्या होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर, आणि वाळूवरच लिलाव. कोलंबीच्या ढिगाभोवती दहा-बारा जणी, त्यात माझी आई. भाव तुटला की पाटी डोक्यावर, पुढच्या ढिगाकडे. दीर म्हणाले, "क्रेन नाही, धक्का नाही, हे कसलं बंदर?" बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री त्यांच्या ताटातली सुरमईची तुकडी तशीच राहिली.

अहो, गलबत आडोशाला थांबतं आणि माल उतरतो ते बंदर. वायव्येचा वारा सुटला की गलबतं हर्णैचा आसरा घेत. म्हणून तर समोर बेटावर सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा नावाचा किल्ला. ओसाड पुळणीसाठी कुणी चार किल्ले राखत नाही. १७५५ मध्ये पेशव्यांनी मराठी आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांना सोबत घेतलं आणि कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. आपलंच आरमार आपण बुडवलं, हे माझं ठाम मत. पुढे मुंबईची आगबोटही इथे थांबायची, माणसं होडीतून किनाऱ्याला लागायची.

धक्का नको, असं मात्र मी म्हणत नाही. वादळाची चाहूल लागली की होड्या जवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत पळवाव्या लागत. आईचे गुडघे खाऱ्या पाण्यात उभं राहून गेले.

जायचं तर जून-जुलै सोडून जा, तेव्हा मासेमारी बंद असते. चारच्या पुढे पोहोचा, गाड्यांच्या वाटेत उभे राहू नका. सोबतचं कुणी "क्रेन कुठाय" म्हणालंच, तर त्याला कनकदुर्गावर दीपगृहापाशी न्या आणि खालच्या होड्या मोजायला लावा. दिरांना मी या दिवाळीत नेणार आहे.