बांबूच्या टोपलीतून पिवळा भुसा का पडतो? घरी विणायची असेल तर काय सांभाळायचं?

मेळघाटातून घेतलेली टोपली भुसा गाळतेय आणि तुम्हाला तशीच घरी विणायची आहे, तर आधी भुशाचं बघू. ते भुंग्याचं काम. त्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं. ते आतल्या पांढऱ्या भागात जास्त, वरच्या हिरव्या सालीत फार कमी. म्हणून पोटाकडच्या, म्हणजे आतल्या भागाच्या पट्ट्या भरलेली टोपली आधी पोखरते.

त्याच पावसाळ्यात फुटलेला बांबू घेऊ नका, वाळताना फार आकसतो. खूप जून झालेला चिरताना कडकडतो. दोन-तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला मानवेल जातीचा बांबू बरा. जंगलातला परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वनकायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळलाय, तेव्हा शेतकऱ्याकडूनच घ्या.

चिरलेल्या फाका दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवा, पाणी बदलत राहा. वास सुटतो, घाबरू नका, पिष्ट कुजून निघतंय. मग सावलीत वाळवा. उन्हात तडकतात.

बुडासाठी दीड सेंटिमीटर रुंद, सालीकडच्या उभ्या ८ आणि आडव्या ८ पट्ट्या एक वर, एक खाली अशा गुंफा. आता खरी मेख. भोवती टोकं ३२ होतात. एकाच पट्टीने फेरा मारला तर दुसरा फेरा पहिल्यासारखाच पडतो, वीण बसतच नाही. म्हणून एक टोक मधोमध चिरून ३३ करा. अर्ध्या सेंटिमीटरच्या बारीक पट्टीने फेरे घाला आणि प्रत्येक फेरा खाली ठोकून बसवा. पट्ट्या विणताना नुसत्या दमट असाव्यात. चिंब ओल्या विणल्या तर वाळल्यावर फटी पडतात आणि मग ज्वारीसुद्धा गळते.

बुडावरून पट्टी वर वळवताना साल बाहेरच्या बाजूला ठेवा. वळणावर गाठ आली तर तिथेच मोडते, म्हणून गाठी आधी मोजून जागा ठरवा. पट्टी कापण्यातली अर्धी कसोटी हीच आहे. काठाला दोन जाड कामट्या आतून-बाहेरून लावून घट्ट बांधा.

हाताने शिकायचं असेल तर धारणी तालुक्यात लवादा इथं संपूर्ण बांबू केंद्र आहे.

आताच्या टोपलीवर उकळतं पाणी सगळीकडून ओता, पूर्ण वाळवा आणि चुलीच्या धुराला टांगा. धान्य ठेवायचं असेल तर रासायनिक औषध मुळीच लावू नका, शेणाने लिंपलं तरी चालतं.