ऑडिशनला येतोस, तर एवढं ऐक

भावा, आमच्यासारख्या हौशी नाट्यसंस्थेत ऑडिशन म्हणजे बहुतेक वेळा वाचनच. न पाहिलेली दोन पानं हातात येतात, समोरच्याबरोबर वाचायची. पाठ केलेलं स्वगत असू दे, पण दीड-दोन मिनिटांचंच. ऐतिहासिक गर्जना नको, छोट्या खोलीत कान बसतात.

वाक्याचा शेवट गिळू नकोस. २०२४ मध्ये कोल्हापुरातलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं तेव्हा आम्ही रडलो, पण तिथल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय अंगात राहिलीय. आणि समोरचा बोलताना तू काय करतोस, हे दिग्दर्शक जास्त बघतो. मी पहिल्यांदा आपल्याच पुढच्या वाक्यावर बोट ठेवून बसलो होतो. भूमिका गेली, पडदा ओढायचं काम मिळालं. वाईट नव्हतं ते. विंगेतून अख्खं नाटक पाठ झालं.

नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी असेल तर तालमी रोज रात्री. (तालीम म्हटलं की आपल्याकडं घरचे आधी आखाडाच समजतात!) नोकरीच्या वेळा ऑडिशनलाच सांग. भूमिका मिळाल्यावर शिरोली एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट आठवणारे आम्ही लई बघितलेत.