कोच व्हायचंय म्हणते, पण पोटाचं काय?

"मॅडम, चार वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं पोरीला, ते काय शिट्टी फुंकायला?"

फेब्रुवारी २०२५. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, त्यांच्याकडे सकाळचे अकरा. स्क्रीनवर तिघं एका सोफ्यावर. मध्ये आई, दोन बाजूंना एकमेकांकडे न बघणारे बापलेक. गाव नॉर्थ कॅरोलायनातलं केरी. वरचा प्रश्न वडिलांचा, ते मूळचे कोल्हापूरचे, आयटीतले. मुलगी तिकडेच जन्मलेली, छोट्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, चार वर्षं कॉलेजच्या सॉकर, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, टीममध्ये. विमा कंपनीची नोकरी हातात होती आणि तिला ती नको होती. तिला कॉलेजच्या मुलींच्या टीमची हेड कोच व्हायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायला तिघांचीही हरकत नाही.)

तिकडचे समुपदेशक सोडून कोल्हापुरातल्या माझ्यासारख्या समुपदेशकाला फोन का, असं मी विचारलं तर वडील म्हणाले, "इथला माणूस म्हणतो, तिला आवडतं ते करू द्या. हे ऐकायला पैसे कशाला मोजायचे?"

"आवड ठीक आहे, पण यात करिअर आहे का?" खेळ, नाच, स्वयंपाक, फोटोग्राफी, कशाच्याही बाबतीत हा प्रश्न माझ्याकडे येतच असतो. त्याला नुसतं 'आहे' किंवा 'नाही' सांगून मोकळं होणं मला जमत नाही. कारण 'यात' म्हणजे नक्की कशात, हे विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं. आणि गंमत म्हणजे, ज्याला ते करायचंय त्यालाही नसतं.

म्हणून पहिल्या सेशनला मी एवढंच विचारलं, "कोच म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं?"

वडिलांच्या डोळ्यांसमोर आमच्या गावातला कुठल्याही तालमीच्या फुटबॉल टीमचा जुना खेळाडू आला. शाहू स्टेडियमवर पोरांना पळवणारा, दिवसा दुकान सांभाळणारा, मानधन म्हणजे मॅच जिंकल्यावर मिसळ. शिवाय कॉलेजातले पी.टी.चे सर, कबड्डीपासून कॅरमपर्यंत सगळ्याला एकच. स्वतः वडील पेठेच्या टीमचे गोलकीपर होते, हे मला तिसऱ्या सेशनला कळलं, तेही आईकडून.

आईच्या डोळ्यांसमोर एक प्रेमळ बाई आली. "मुलींची टीम म्हणजे बायकाच कोच असणार ना? तेवढं बरं आहे." हा समज मला मोडावा लागला. अमेरिकेत १९७२ साली टायटल नाइन हा कायदा आला आणि कॉलेजांना मुलींच्या खेळालाही मुलांच्या बरोबरीनं संधी देणं भाग पडलं. तेव्हा मुलींच्या टीमांच्या कोच नव्वद टक्क्यांहून जास्त बायकाच होत्या. पुढे पैसा आला, पगार आले, आणि पुरुष आले. २०१४ पर्यंत बायकांचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. मुली खेळायला वाढल्या आणि शिकवणाऱ्या बायकांचा वाटा घटला. लेक हे ऐकताना पहिल्यांदा सरळ बसली.

आणि लेकीच्या डोळ्यांसमोर? मार्गरिट ओझासा. कित्येक सीझन स्टॅनफर्डला असिस्टंट, मग यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, हेड कोच, आणि पहिल्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद. फायनल केरीतच झाली होती. यूसीएलए दोन गोलनं मागे, शेवटची काही सेकंद उरलेली असताना बरोबरी आणि जादा वेळेत ३-२. हे तिनं एका दमात सांगितलं. मी म्हटलं, "ही त्या बाईंची एक रात्र झाली. असिस्टंट असतानाचा त्यांचा एखादा मंगळवार सांग." तिला सांगता येईना.

मग मी सांगितलं. हेड कोचच्या वर्षातलं मैदान फार तर पाव हिस्सा. ऑगस्ट ते डिसेंबर सीझन. त्यातही नियमानं आठवड्याला वीसच तास सराव आणि एक दिवस सुट्टी. उरलेला वेळ बजेट, बसचं बुकिंग, कोणाचे मार्क घसरले आणि कोण अपात्र ठरणार ते बघणं, माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या, उन्हाळ्यातले कॅम्प. आणि सगळ्यात जास्त रिक्रूटिंग, म्हणजे पुढच्या मुली शोधणं. दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपासूनच डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज-खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, कोचला मुलींशी थेट बोलता येतं, म्हणून त्या रात्री बारा वाजता कोच मंडळी फोन घेऊन तयार असतात. शिवाय चांगली मुलगी मिळाली म्हणून टिकतेच असं नाही, २०१८ पासून कॉलेज बदलणं फारच सोपं झालंय.

वाट कशी? ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून सुरुवात: मास्टर्सची फी माफ, वर जेमतेम खर्चापुरतं मानधन. मग असिस्टंट, दर दोन-तीन वर्षांनी नवं राज्य. सोबत यू.एस. सॉकरची डी, सी, बी अशी लायसन्सची चढण. मग कुठे तरी छोट्या कॉलेजात हेड कोच. तिथेही हरत राहिलात किंवा क्रीडा विभागाचे प्रमुख बदलले की गाशा गुंडाळायचा.

वडील मध्येच म्हणाले, "बघ! मॅडमपण तेच म्हणतायत." मी तेच म्हणत नव्हते. धोका आहे हे त्यांचं खरं होतं, पण तो कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं हा पोरखेळ आहे. हा पोरखेळ नाही, ही मार्केटिंग, हिशेब आणि माणसं सांभाळायची पूर्णवेळ नोकरी आहे, आणि सुरुवातीला ती फार कमी पैशात करावी लागते. या दोन काळज्यांवर तोडगे वेगवेगळे.

दुसरं सेशन तिच्या एकटीशी. ती गाडीत बसून बोलत होती, कॉलेजच्या पार्किंगमध्ये. शेवटची मॅच कधी झाली, असं विचारलं. नोव्हेंबरमध्ये, अवे मॅच, पावसात. "बूट अजून डिकीत आहेत, मावशी. चिखल वाळलाय. धुवायचं होत नाही. धुतले की संपलं."

इथे मी थांबले. कोच व्हायचंय म्हणणारी निम्मी मुलं खरं तर खेळणं सोडू शकत नसतात. वयाच्या सहाव्या वर्षापासून 'मी कोण' याचं उत्तर 'मी लेफ्ट बॅक' असं असेल, तर बाविसाव्या वर्षी ते एका संध्याकाळी काढून घेतलं जातं. मैदानाच्या कडेला उभं राहायला मिळालं तरी चालेल, असं मग वाटतं. ते दुःख खरंच असतं, पण त्याच्यावर करिअर उभं करू नये. स्वतः खेळत नसताना दुसऱ्याला खेळताना बघायचं म्हणजे दर शनिवारी जखमेवरची खपली काढायची.

मी तिला गृहपाठ दिला. तिच्या कोच वसंतातल्या सरावाला तिची मदत घ्यायच्या. दोन आठवडे रोज लिहायचं: आज काय केलं, आणि ते करताना घड्याळाकडे किती वेळा बघितलं.

आठ पानं आली. डावपेचांवर अर्धं पानसुद्धा नव्हतं. व्हॅनच्या चाव्या हरवल्या, शोधल्या. शाळकरी मुलींना रिक्रूटिंगचे बारा मेल लिहिले: 'घड्याळ: सतत'. मग एका गुरुवारची नोंद. राखीव गोलकीपर, दुसऱ्या वर्षाची, अजून एकही मॅच न मिळालेली, सरावाला उशिरा आली. हिनं कारण विचारलं नाही. कॉर्नर किकच्या क्लिप्स कापायला शेजारी बसवून घेतलं. चाळीस मिनिटांनी ती मुलगी म्हणाली की टीम सोडायचा विचार आहे. 'मी काही बोलले नाही. पुढची क्लिप लावली. ती थांबली. घड्याळ: बघितलंच नाही.'

"का बोलली नाहीस?"

"मी तीन वर्षं बेंचवर होते, मावशी. कुणी समजावायला आलं की मला अजूनच जायचं असायचं."

तिला कोच व्हायचंय यावर माझा विश्वास त्या नोंदीनं बसला, ओझासांच्या फायनलनं नाही. पण 'घड्याळ: सतत' हेही मी तिला पुन्हा वाचून दाखवलं. हेड कोचला रिक्रूटिंग टळत नाही. तिनं तोंड वाकडं केलं, आणि मला ते आवडलं. धंद्यातलं काय नको वाटतं हे माहीत असलेलं बरं.

तिसऱ्या सेशनला वडील तयारी करून आले होते. डिसेंबर २०२४ ची फायनलही केरीतच झाली आणि बापलेक ती बघायला गेले होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० हरवलं. त्या वेळी त्यांनी अॅन्सन डोरान्सबद्दल वाचलं होतं. १९५१ चा जन्म आपल्या मुंबईतला! वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून कोच झाला, १९७९ पासून २०२४ पर्यंत त्याच कॉलेजच्या मुलींची टीम, एनसीएएची, म्हणजे तिकडच्या कॉलेज-खेळांच्या संघटनेची, २१ विजेतेपदं, १९९१ चा बायकांचा वर्ल्ड कपही. "असं काही व्हायचं असेल तर होऊ दे," ते म्हणाले.

ते विरघळले होते, आणि मला नाइलाजानं त्यांना परत गोठवावं लागलं. पंचेचाळीस वर्षं एका जागी काढलेला माणूस हा नियम नाही, अपवादातला अपवाद आहे. त्याच्याकडे बघून 'हो' म्हणालात तर पहिल्या हरलेल्या सीझनला 'नाही' म्हणाल. लेक म्हणाली, "बाबा, तिनं सीझनला चार मॅच जिंकल्या तरी मी खूश असेन." 'तिनं' म्हणजे कोण, असं वडिलांनी विचारलं. "माझी टीम," ती म्हणाली. मराठीत टीम स्त्रीलिंगी आहे हे तिच्या तोंडून ऐकून आईला हसू फुटलं आणि पहिल्यांदाच सोफ्यावरचे तिघं एकाच वेळी हसले. मला वाटतं वडिलांनी पेठेच्या गोलपोस्टची गोष्ट तेव्हा सांगायला हवी होती. त्यांनी सांगितली नाही, मीही काढली नाही.

चौथ्या सेशनला कागद झाला. शेजारच्या राज्यातल्या डिव्हिजन टू कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट, विषय स्टॅटिस्टिक्सच, म्हणजे पडली तरी हात टेकायला जागा. घरून पैसे फक्त आरोग्य विमा आणि गाडीच्या विम्यापुरते. दुसरी अट वडिलांची: रात्री दहानंतर टीमची व्हॅन तिनं चालवायची नाही. ती म्हणाली, असिस्टंटच चालवतात. मग 'सलग चार तासांच्या वर नाही' यावर तडजोड झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायला कोर्टानं मोकळीक दिली. तो पैसा मोठ्या खेळांकडे वळला तर छोट्या टीमांचं काय, ही धास्ती तिनं मेलमधून कळवली. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं लिहिलं.

कागद त्यांच्या फ्रिजवर आहे. खाली तारीख: ३० जून २०२७, तेव्हा परत बोलायचं. आईनं पेन्सिलनं एक ओळ जोडली आहे, 'तोवर लग्नाचा विषय मी काढणार नाही', आणि त्यापुढे लेकीनं सहीसाठी जागा सोडली आहे. फोटो आला तेव्हा ती रिकामीच होती.