स्पीड कॅमेरा : वसुली की सेफ्टी?

प्रश्न : रस्ता सरळ, मोकळा, समोर चिटपाखरू नाही. लिमिट ५० ची, मी ६० ने होतो, तर लगेच दंड! अपघात तर काही झाला नाही ना? आणि कॅमेरा दिसला की सगळे ब्रेक मारतात, पुढे गेले की परत पळवतात. मग ही नुसती वसुलीच नाही का?

उत्तर : राग समजतो तुमचा, पण ‘१० नेच तर जास्त होतो’ यातच खरी गोम आहे. समजा एक पोरगं बॉलच्या मागे धावत रस्त्यात आलं. ते दिसून तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात ५० वाली गाडी १४ मीटर गेलेली असते, ६० वाली जवळजवळ १७, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नाही. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले, असं धरलं तर ५० वाली साधारण २८ मीटरवर थांबते. ६० वालीचा स्पीड त्याच जागी अजून ४० च्या आसपास असतो! म्हणजे एक गाडी पोराच्या पुढ्यात येऊन थांबते आणि दुसरी त्याला ४० ने उडवते. स्पीड दुप्पट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट होते, म्हणून असं होतं. हे गणित मी एकदा कागदावर मांडून बघितलं, तेव्हापासून ‘१० ने काय होतंय’ हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही.

आता कॅमेऱ्याने फरक पडतो का, तर पडतो. कॉक्रेन ही आरोग्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१० च्या रिव्ह्यूमध्ये ३५ अभ्यास एकत्र बघितले होते, त्यात कॅमेऱ्यांच्या आसपास मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. अर्थात सगळेच अभ्यास काटेकोर नव्हते, आणि एक मेख लक्षात ठेवा, एखाद्या वर्षी खूप अपघात झाले म्हणून तिथे कॅमेरा लावला तर पुढच्या वर्षी आकडा थोडाफार आपोआपच उतरतो, त्याचं सगळं श्रेय कॅमेऱ्याला देऊ नये.

ब्रेक मारून परत पळवणाऱ्यांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर उपाय सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. एक इथे, एक काही किलोमीटर पुढे, दोन्हीकडे नंबरप्लेट वाचायची आणि मधलं अंतर किती वेळात कापलं ते बघायचं. कॅमेऱ्यापुरतं हळू होऊन तिथे भागत नाही, पूर्ण टप्पाभर लिमिटमध्येच राहावं लागतं. माझं मत विचाराल तर जमेल तिथे हेच लावावेत.

वसुलीचा संशयही मी उडवून लावणार नाही. उतार संपतो तिथे, लिमिट अचानक बदलते तिथे, बोर्ड झाडामागे लपलेला, आणि नेमका तिथेच कॅमेरा, असं असेल तर जाब विचारायलाच हवा. आधी ठळक बोर्ड, जागा अपघातांच्या नोंदी बघून ठरवलेली, आणि दंडाचा पैसा कुठे जातो ते जाहीर, एवढं तरी हवंच. चांगल्या कॅमेऱ्याची कमाई वर्षागणिक घटत जाते, कारण लोक हळू चालवायला लागतात. कमाई घटतच नसेल तर बोर्ड, लिमिट किंवा रस्त्याची आखणी, यातलं काहीतरी चुकतंय.

तुमच्या पावतीचं म्हणाल तर चूक मान्य असेल तर दंड भरून टाका. पण बोर्ड खरंच दिसत नव्हता असं वाटत असेल तर मुदतीच्या आत त्या जागेचे फोटो काढा, ड्रायव्हरच्या सीटवरून दिसतं तसे, आणि रीतसर हरकत घ्या.